असिरोफॅगस पपायी
पपईवरील पिठ्या ढेकणाच्या अंगात वाढणारी, एक मिलिमीटरहून लहान परोपजीवी गांधीलमाशी (कुल एन्सर्टिडी). मूळची मेक्सिकोकडील ही ढेकणाची कीड २००८ मध्ये कोइंबतूरला आढळली. अंगावरच्या मेणामुळे तिला फवारे पुरते लागू पडत नाहीत. गांधीलमाशीची मादी मात्र ढेकणाच्या पिलाच्या शरीरातच अंडे घालते. अळी यजमानाला आतून खात वाढते. मागे उरते ते फुगलेले, कडक कवच आणि त्याला पडलेले गोल भोक. २०१० मध्ये प्वेर्तो रिकोहून आणून ही गांधीलमाशी तमिळनाडू, महाराष्ट्रासह अनेक राज्यांत सोडली गेली. परका कीटक मुद्दाम आणणे धोक्याचे, हा आक्षेप रास्तच आहे. पण तो मुख्यतः बहुभक्षी कीटकांना लागू पडतो. ही जात जवळजवळ याच एका यजमानावर अवलंबून असल्याने कीड घटली की तीही घटते. तिला खरा धोका आहे तो बागेत चालू राहणाऱ्या रासायनिक फवारणीचा.