दोन तास दोन मिनिटं

व्हर्जिनिया टेक विद्यापीठ, ब्लॅक्सबर्ग, अमेरिका. सोमवार, 16 एप्रिल 2007. पहिल्या गोळीबाराची खात्री पोलिसांना पटली आणि त्यानंतर दोन तास दोन मिनिटांनी विद्यार्थ्यांना पहिली सूचना गेली. संकट रोखायचं असतं ते याच मधल्या वेळात.

डिसेंबर 2005. इंग्रजी विभागाच्या एका विद्यार्थ्यापासून त्याच्या स्वतःच्याच जिवाला धोका आहे, असं न्यायालय ठरवतं आणि उपचारांचा आदेश देतं. त्याचं वागणं, त्याचं लिखाण पाहून प्राध्यापक आधीपासूनच धास्तावलेले आहेत. पण उपचार झाले का, हे कुणीच पाहत नाही. 2007च्या सुरुवातीला तो दोन पिस्तुलं विकत घेतो. न्यायालयाचा आदेश सरकारी यादीत चढलेलाच नसल्याने पडताळणीत त्याला कुणी अडवत नाही.

16 एप्रिल, सकाळी 7.15. वेस्ट ॲम्बलर जॉन्स्टन वसतिगृहाचा चौथा मजला. एका विद्यार्थिनीवर आणि तिच्या मदतीला धावलेल्या वसतिगृह साहाय्यकावर गोळ्या झाडल्या जातात.

7.20. विद्यापीठ पोलिसांना फोन येतो : मुलगी उंच पलंगावरून पडली असावी.

7.24. अधिकारी खोलीत पोहोचतो. दोघांनाही गोळ्या लागल्या आहेत, पिस्तूल मात्र कुठेच नाही. म्हणजे ते घेऊन कुणीतरी बाहेर पडलं आहे. तो ‘कुणीतरी’ या वेळी आपल्या वसतिगृहात परतून ईमेल खातं पुसून टाकतो आहे.

7.30 नंतर. संशय मुलीच्या मित्रावर जातो. तो आवारातून निघून गेला असणार, असं पोलीस धरून चालतात. या एका अंदाजामुळे पुढच्या सगळ्या हालचालींतली घाईच निघून जाते.

7.57. पोलीसप्रमुख वरिष्ठ प्रशासनाला कळवतात. आवारभर सूचना पाठवण्याची यंत्रणा त्यांच्या हाती नाही.

8.00. तास सुरू होतात. विद्यार्थी नेहमीसारखे वर्गांकडे निघतात.

8.25. विद्यापीठाच्या धोरण गटाची बैठक बसते. आदल्या ऑगस्टमध्ये एक कैदी पळाला होता, तेव्हा आवारात उडालेली घबराट सगळ्यांच्या लक्षात आहे. काय सांगायचं, किती सांगायचं, यावर खल चालू राहतो.

8.52. ब्लॅक्सबर्गच्या सार्वजनिक शाळा दारं बंद करून घेतात. विद्यापीठाचे तास चालूच आहेत.

9.01. हल्लेखोर टपाल कार्यालयात जाऊन एनबीसी वाहिनीच्या नावाने पाकीट पाठवतो.

9.05. नॉरिस हॉलमध्ये दुसरा तास सुरू.

9.15 ते 9.30. नॉरिस हॉलचे तीन मुख्य दरवाजे आतून साखळ्यांनी बांधले जातात. एका विद्यार्थिनीला दाराला साखळी दिसते, ती खिडकीतून आत शिरते. दाराला लावलेली बॉम्बची धमकी एका प्राध्यापकाच्या हाती लागते, ती वरच्या मजल्यावरच्या कार्यालयात नेली जाते.

9.24. मुलीच्या मित्राची गाडी रस्त्यात अडवली जाते. तो हल्लेखोर नाही.

9.26. पहिला ईमेल जातो. वसतिगृहात ‘गोळीबाराची घटना’ घडली आहे, सावध राहा. खून झाला आहे किंवा मारेकरी मोकळा आहे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही.

9.40. नॉरिस हॉल, खोली क्रमांक 206, जलविज्ञानाचा वर्ग. मूळचे तमिळनाडूचे प्रा. जी. व्ही. लोगनाथन आणि त्यांचे नऊ विद्यार्थी ठार होतात.

9.41. आणीबाणीच्या क्रमांकावर पहिला फोन.

वर्गांच्या दारांना आतून कुलूप लावायची सोय नाही. 205मधले विद्यार्थी आवाज ऐकताच मोठं टेबल दाराला लावतात आणि जमिनीवर आडवे पडून ते रेटून धरतात. दारातून गोळ्या आरपार येतात, पण कुणालाही लागत नाहीत. 204मध्ये 76 वर्षांचे प्रा. लिव्हिउ लिब्रेस्कु स्वतः दार अडवून उभे राहतात. नाझींच्या छळातून वाचलेला हा माणूस दाराशी प्राण सोडतो. तोवर बरेच विद्यार्थी खिडक्यांतून उड्या मारून सुटलेले असतात. मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी मात्र याच वर्गात मारली जाते.

9.45. पोलीस नॉरिस हॉलपाशी. दरवाज्यांना साखळ्या.

9.50. चौथ्या दाराचं कुलूप शॉटगनने उडवून पोलीस आत शिरतात. त्याच मिनिटाला दुसरा ईमेल : बंदूकधारी मोकळा आहे, इमारतीतच थांबा.

9.51. हल्लेखोर स्वतःवर गोळी झाडतो. अकरा मिनिटांत या इमारतीत 30 जणांचा बळी गेला. वसतिगृहातले दोघे धरून 32.

राज्यपालांनी नेमलेल्या समितीने मान्य केलं, की 131 इमारतींचं आवार एकाएकी बंद करणं शक्यच नव्हतं. पण इशारा लवकर आणि स्पष्ट शब्दांत मिळाला असता तर फरक पडू शकला असता, हेही तिने बजावलं. 2008 साली अमेरिकी कायद्यात दुरुस्ती झाली : गंभीर धोक्याची खात्री होताच आवाराला तातडीने कळवणं विद्यापीठांवर बंधनकारक झालं.

घबराट होईल म्हणून गप्प बसणं हा प्रशासनाचा सर्वात महागडा गैरसमज आहे. 205मधल्या मुलांना धोका कळला आणि त्यांनी काही क्षणांत काय करायचं ते केलं. माणसांना खरं सांगितलं की ती बहुधा शहाण्यासारखी वागतात. म्हणून पुण्यातलं विद्यापीठ असो की अमेरिकेतलं, तीन गोष्टी आधीच ठरलेल्या हव्यात : सूचना पाठवण्याचा अधिकार रात्रपाळीच्या सुरक्षा अधिकाऱ्यालाही असावा, तिचा मजकूर तयार असावा आणि प्रत्येक वर्गाचं दार आतून बंद करता यावं. बैठक सूचना गेल्यानंतर घ्यावी.