भूजल, नदी आणि न्यायालय : रिपब्लिकन खोऱ्यातील गणिती प्रतिमानाचा इतिहास

नदीचे पाणी आणि भूगर्भातील पाणी ही निसर्गाच्या दृष्टीने एकाच संचयाची दोन रूपे होत. तथापि कायद्याने व राज्यव्यवहाराने ती दीर्घकाळ भिन्न मानली. हा भेद मोडून काढण्याचे श्रेय जितके भूजलशास्त्राला, तितकेच त्याच्या आधारे उभारलेल्या गणिती प्रतिमानांना द्यावे लागते. अमेरिकेतील रिपब्लिकन नदीच्या खोऱ्याचा इतिहास या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे.

ही नदी कोलोरॅडोच्या पूर्वेकडील मैदानात उगम पावते, नेब्रास्कातून वाहते आणि शेवटी कॅन्ससमध्ये शिरते. 1943 साली अमलात आलेल्या करारान्वये तिचे वार्षिक 4,78,900 एकर-फूट नैसर्गिक पाणी तीन राज्यांत वाटण्यात आले : कोलोरॅडोस 54,100, कॅन्ससला 1,90,300 व नेब्रास्कास 2,34,500. करारात विहिरींचा स्पष्ट उल्लेख नव्हता. दुसऱ्या महायुद्धानंतर मात्र पंपांच्या व फिरत्या तुषारसिंचनाच्या साह्याने ओगालाला या विस्तीर्ण जलधारक थरातून होणारा उपसा झपाट्याने वाढला.

या उपशाचा नदीशी संबंध काय, या प्रश्नाची सैद्धांतिक बैठक त्यापूर्वीच तयार झालेली होती. वाळूतून झिरपणाऱ्या पाण्याचा नियम हेन्री दार्सी याने 1856 साली मांडला होता. 1940 साली सी. व्ही. थाइस याने असे दाखवून दिले की, विहिरीतून काढलेल्या पाण्याची भरपाई तीनच मार्गांनी होऊ शकते : साठ्यातील घटीने, पुनर्भरणाच्या वाढीने, किंवा नदीनाल्यांकडे जाणाऱ्या निःस्रावाच्या घटीने. पुढील वर्षी त्याने नदीलगतच्या विहिरीमुळे प्रवाहात पडणाऱ्या तुटीचे गणितही मांडले. याचा अर्थ स्पष्ट होता. विहीर नदीपासून दूर असली म्हणजे नदीची हानी टळते असे नव्हे. ती केवळ उशिरा होते.

ही विलंबित हानीच पुढे वादाचे मूळ ठरली. 1998 साली कॅन्ससने नेब्रास्काविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. ज्या उपशामुळे नदीचा प्रवाह घटतो, तो उपसा करारातील वाट्यातच धरला पाहिजे, हे तत्त्व या दाव्यात मान्य झाले. 2002 साली राज्यांत समझोता झाला व 2003 मध्ये खोऱ्याचे संयुक्त भूजल-प्रतिमान सिद्ध झाले.

या प्रतिमानात खोऱ्याची एक-एक चौरस मैलाच्या घरांत विभागणी केलेली आहे. प्रथम सर्व उपसा चालू धरून नदीला मिळणारा भूजलप्रवाह काढावयाचा, नंतर एका राज्याचा उपसा शून्य धरून तेच गणित पुन्हा करावयाचे, आणि दोहोंतील फरक त्या राज्याच्या खाती मांडावयाचा, अशी ही पद्धती होती. नदीत प्रत्यक्ष मोजता न येणारी हानी अशा रीतीने दोन कल्पित स्थितींच्या वजाबाकीतून निश्चित होऊ लागली.

परंतु या वजाबाकीत एक दोष होता. प्लॅट नदीतून कालव्यांनी आणलेले पाणी झिरपून रिपब्लिकन खोऱ्याच्या भूजलात मिसळते. हे परकीय पाणी हिशेबात धरावयाचे नाही, असे समझोत्यात ठरले होते. मात्र प्रवाह कोरडा पडला असता परिणामांची सरळ बेरीज होत नाही, कारण कोरड्या पात्रातून आणखी पाणी वजा करता येत नाही. परिणामी नेब्रास्काने वापरलेले प्लॅटचे काही पाणीही रिपब्लिकनचे म्हणून गणले जात होते. 2015 साली न्यायालयाने दुहेरी निर्णय दिला. 2005-06 मधील जादा वापराबद्दल नेब्रास्काने कॅन्ससला एकूण 55 लक्ष डॉलर द्यावेत, असे ठरविले. आणि हिशेबाची पद्धतीही दुरुस्त केली. उभयपक्षी मान्य झालेला दस्तऐवज न्यायालयाने बदलावा काय, याविषयी मात्र न्यायमूर्तींत मतभेद होता.

या इतिहासाशी कृष्णा खोऱ्याची तुलना करणे उपयुक्त ठरते. कृष्णा पाणीवाटप लवादाच्या 1976 च्या अंतिम आदेशानुसार महाराष्ट्र, कर्नाटक व आंध्र प्रदेश यांस आपापल्या हद्दीतील भूजल वापरण्याची मोकळीक देण्यात आली, व तो वापर कृष्णेच्या पाण्याचा वापर म्हणून गणला जाणार नाही, असे ठरले. हिशेब सुलभ व्हावा या दृष्टीने अशा तरतुदीचे महत्त्व नाकारता येत नाही. परंतु थाइसच्या सिद्धांतास राज्यांच्या सीमा वा लवादांचे आदेश अडवू शकत नाहीत. आटणाऱ्या ओढ्यांचा प्रश्न विहिरींच्या हिशेबावाचून सुटू शकत नाही, आणि प्रतिमानातील गृहीतके तपासल्यावाचून तो हिशेबही न्याय्य ठरत नाही, असा या दोन खोऱ्यांच्या इतिहासाचा निष्कर्ष होय.