शरणपूरचा जेकब

मंडळी, देवळ्याहून कामाकाजासाठी नाशिकला जाणाऱ्यांना शरणपूर रोड चांगला ठाऊक असतो. दुकाने-दवाखान्यांच्या गर्दीत ते नाव आपण उच्चारतो नि पुढे जातो. शिक्षकबंधूंनो, वर्गात एकदा विचारून पाहा, तिथे शरण आले होते कोण?

ही वसाहत १८५४ सालची, चर्च मिशनरी सोसायटीच्या रेव्हरंड प्राइस यांनी वसवलेली. गुलाम म्हणून विकायला नेली जाणारी आफ्रिकी मुले इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी समुद्रात सोडवली, की त्यांतली काही इथे येत. सुतारकाम, लोहारकाम, लिहिणे-वाचणे शिकत. नावेसुद्धा नवी मिळत. जेकब वेनराइट हा अशांपैकीच एक.

आफ्रिकेचा शोध घेत फिरणाऱ्या डॉ. लिव्हिंग्स्टन यांच्या मदतीला १८७२ मध्ये शरणपूरच्या शाळेतले काही तरुण गेले, त्यांत जेकब होता. पुढच्याच वर्षी, १ मे १८७३ रोजी, आजच्या झांबियातल्या चितांबो या गावी डॉक्टर वारले. सोबत्यांनी ठरवले, देह त्यांच्या मायदेशी पोचवायचा. हृदय आणि आतडी काढून पत्र्याच्या डब्यात घातली व एका झाडाखाली पुरली. तिथे इंग्रजी प्रार्थनापुस्तकातला अंत्यविधी जेकबने वाचला. मग झाडाच्या खोडावर डॉक्टरांचे नाव आणि तारीख कोरली.

त्या विधीचा गाभा आहे पुनरुत्थानाची आशा. आपल्याकडचा पुनर्जन्म तो नव्हे, बरं का. पुनर्जन्मात जीव नवे शरीर घेऊन पुन्हा या फेऱ्यात येतो. ख्रिस्ती माणूस म्हणतो, येशू जसा तिसऱ्या दिवशी उठला, तसा हाच माणूस, त्याच्याच ओळखीने, एकदाच आणि कायमचा उठेल.

इथे एक अडचण येते. हृदय एकीकडे, देह दुसरीकडे. मग उठायचे कसे? हा प्रश्न ख्रिस्ती धर्माच्या आरंभापासूनचा. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने त्याचे उत्तर शेतकऱ्याच्या भाषेत दिले आहे. आपण पेरतो तो नुसता दाणा, उगवते ते रोप; दाण्याच्या रूपावरून रोपाचे रूप ठरवता येत नाही. बाजरी पेरणाऱ्या आपल्या माणसाला हे फोड करून सांगायला नको.

म्हणजे पुनरुत्थानासाठी तो देह वाहून नेण्याची गरज नव्हती. तरी त्यांनी तो नेला. उन्हात वाळवला, झाडाच्या सालीत गुंडाळला आणि हजाराहून अधिक मैल, सुमारे नऊ महिने, खांद्यावर वाहिला. काही सोबती वाटेत दगावले. मधल्या मुक्कामी भेटलेल्या इंग्रज अधिकाऱ्याने सुचवले, इथेच पुरा, ते ऐकेनात. पुढे प्रेत नेऊ देणार नाहीत असे दिसले, तेव्हा त्यांनी खोटे प्रेत बांधून मागे धाडले आणि खरे कापडाच्या गठ्ठ्यासारखे बांधून पुढे नेले! यातला प्रमुख सुसी तेव्हा ख्रिस्तीही नव्हता, त्याचा बाप्तिस्मा १८८६ चा. तेव्हा सारे श्रेय एका धर्माच्या शिकवणीला देण्याची घाई इतिहासाच्या विद्यार्थ्याने करू नये. चितांबोच्या लोकांनीही आपल्या रीतीने शोक केलाच होता.

पण जेकबचा विचार मनातून जात नाही. ज्याला लहानपणी गुलाम म्हणून विकले, त्याने परक्या रानात उभे राहून वाचले, की मेलेल्या माणसाची ओळख पुसली जात नाही. ते वाचताना त्याला आपले हरवलेले आईबाप आठवले असतील काय? माझ्या मते आठवले असतील. हा माझा तर्क, पुरावा नव्हे.

१८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकब होता. पुढच्याच वर्षी प्राइससाहेबांनी मोंबासाजवळ मुक्त गुलामांची नवी वसाहत उभारली आणि शरणपुरातले बरेच आफ्रिकी तिकडे गेले. चितांबोचे ते झाडही पुढे तोडले, त्याचा कोरलेला तुकडा लंडनला नेला. हृदय मात्र तिथल्याच मातीत राहिले.