आमच्या बोलीत त्याला धंदा म्हणतात

मिहानला खापरीच्या बाजूने गेलात तर सकाळी चहाचे आणि तर्री-पोह्यांचे ठेले दिसतील. या कामाला कागदोपत्री ‘अनौपचारिक क्षेत्र’ म्हणतात. शब्द काही फार जुना नाही. कीथ हार्ट या मानववंशशास्त्रज्ञाने घानातल्या अक्रा शहरातल्या गरिबांचे उद्योग पाहून तो 1971 मध्ये मांडला. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या केनियावरील अहवालाने तो जगभर नेला. ठेलेवाल्याच्या तोंडी मी तो कधी ऐकला नाही. तो ‘धंदा’ म्हणतो. आमच्यातली बागवान, अत्तार, तांबोळी ही आडनावंच धंद्यांची आहेत, ती काय अनौपचारिक म्हणायची?

हक्काची कहाणी वेगळी. 1985 मध्ये मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने फेरीवाला आणि ना-फेरीवाला क्षेत्रं मान्य केली. 1989 मध्ये सोदान सिंग खटल्यात, रस्त्यावर विकणं हाही घटनेने दिलेला व्यवसायाचा हक्क, मात्र निर्बंधांसह, असं ठरलं. 2014 चा पथविक्रेता कायदा तर सांगतो की सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कुणाला हटवू नये.

मिहान उभं राहिलं ते शिवणगाव, खापरी, तेल्हारा, कलकुही अशा गावांच्या जमिनींवर. तिथल्या ठेलेवाल्याशी बोलावं तर नोकरी पक्की की कच्ची हा विषय निघतच नाही. निघतो तो जागेचा. ठेला दोनशे पावलं सरकवायला लावला की बांधलेलं गिऱ्हाईक तुटतं. नऊच्या शिफ्टला धावणारा माणूस पोह्यांसाठी मागे वळत नाही.