कोलंबियाचा बुंद

राजेरजवाड्यांचे इतिहास आपण आवडीने वाचतो. पण ज्याच्यावाचून सकाळी असंख्य माणसांचे डोळे नीट उघडत नाहीत, त्या पेल्यातल्या काळ्या पाण्याचा इतिहास वाचण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही. वास्तविक एखाद्या तहनाम्याइतकाच तो गुंतागुंतीचा आहे, आणि त्याचा धागा आपल्या दारावरून गेलेला आहे. जुन्या मराठीत कॉफीच्या दाण्याला 'बुंद' म्हणत. शब्द मूळचा अरबी. दाणाही अरबांकडूनच आला.

बाबा बुढण नावाचे फकीर सतराव्या शतकात हजहून परतताना सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरच्या डोंगरात त्यांनी त्या रुजवल्या, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवू. पण १६९९ साली डचांनी मलबार किनाऱ्यावरून कॉफीची रोपे जावा बेटात नेली, हे इतिहासाला मान्य आहे. जावातून १७०६ साली एक झाड ॲम्स्टरडॅमच्या वनस्पती-उद्यानात पोहोचले, आणि १७१४ मध्ये तेथील एक रोप फ्रान्सच्या चौदाव्या लुईला नजर झाले. पुढे डच आणि फ्रेंच वसाहतींच्या वाटेने हेच वाण अमेरिका खंडात पसरले. म्हणजे कोलंबियातील जुन्या झाडांची वंशावळ काढू लागलो, तर तिच्यात मलबारचे नाव निघते!

कोलंबियाच्या भूमीत कॉफी नेली ती ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी. होसे गुमिया या जेसुइट पाद्र्याने ओरिनोको नदीकाठच्या कॉफीचा उल्लेख १७४१ च्या आपल्या ग्रंथात करून ठेवला आहे. पण शेतकरी या पिकाला लवकर धजेना. झाड लावायचे आणि फळासाठी तीन-चार वर्षे वाट पाहायची, तोवर घरात खायचे काय? यावर सालासार दे लास पाल्मास या गावच्या फ्रान्सिस्को रोमेरो नावाच्या पाद्र्याने नामी तोड काढली, असे तेथील लोक सांगतात. पापाची कबुली द्यायला येणाऱ्याला तो प्रायश्चित्त म्हणून जपमाळ ओढायला सांगत नसे, कॉफीची झाडे लावायला सांगे! गावात पापे किती होती कोण जाणे, पण डोंगर हिरवे झाले. १८३५ साली कूकुताच्या नाक्यावरून २,५६० पोती परदेशी गेली. कोलंबियाच्या कॉफीची ही पहिली नोंदलेली निर्यात.

प्रारंभी हे पीक बड्या जमीनदारांचे होते. १८९९ ते १९०२ या काळात तेथे 'हजार दिवसांचे युद्ध' नावाची भयंकर यादवी माजली, भाव आधीच कोसळले होते, आणि अनेक मोठे मळे मोडकळीस आले. पण अँतिओकिया आणि काल्दास या भागांत डोंगरउतारावर जंगल तोडून वसलेली साधी कुटुंबे तगली. घरची माणसे हाच त्यांचा मजूरवर्ग, आणि कॉफीच्या सावलीला लावलेली केळी हाच त्यांचा विमा. आजही तेथे पाच लाखांहून अधिक कुटुंबे कॉफी पिकवतात, आणि बहुतेकांची जमीन पाच हेक्टरांच्या आतच आहे.

कॉफी उत्पादकांनी १९२७ साली आपला राष्ट्रीय संघ स्थापला. १९३८ मध्ये संघाने चिंचिना येथे संशोधन केंद्र काढले. १९५९ मध्ये हुआन वाल्देस नावाचा मिशाळ शेतकरी आणि त्याची खेचरी जाहिरातीत अवतरली. हा शेतकरी सर्वस्वी काल्पनिक, पण कीर्ती खऱ्या माणसांहून मोठी! १९८३ साली पानांवरचा तांबेरा कोलंबियात शिरला, तेव्हा केंद्राचे रोगप्रतिकारक वाण तयार होते. १९८९ मध्ये मात्र देशोदेशींचे निर्यातीचे कोटे ठरवणारी आंतरराष्ट्रीय व्यवस्था कोसळली, भाव पडले, आणि त्यावर कोणत्याच वाणाचा उपाय चालला नाही.

या साऱ्या थाटात एक गोष्ट हरवली होती, ती म्हणजे गावाचे नाव. मेदेयिन, आर्मेनिया आणि मानिसालेस या तीन शहरांच्या आसपासचा माल व्यापारात एकत्र होई आणि आद्याक्षरे जुळवून 'माम' या नावाने विकला जाई. कोणत्या उतारावर कोणाच्या घामाने दाणा पिकला, याचा पत्ताच नाही. त्याहून विपरीत म्हणजे, उत्तम दाणा जहाजावर चढे आणि निवडीत मागे राहिलेला सदोष माल पिकवणाऱ्याच्या घरी शिजे. आपल्या कोकणातही चांगला हापूस पेटीत जातो आणि डागी आंबा घरच्या पोरांच्या वाट्याला येतो, हे काय निराळे?

'एका ठिकाणची कॉफी' या आजच्या शौकाकडे मी या दृष्टीने पाहतो. माझ्याकडे ऊइला प्रांतातील कच्चे दाणे येतात, आणि ते मी घरीच भाजतो. यात नवे काही नाही. १८६४ साली न्यूयॉर्कच्या जेबेझ बर्न्सने आपल्या भट्टीचे पेटंट घेतले, आणि पुढे कारखान्यात भाजलेल्या कॉफीचा जमाना आला. तोवर अमेरिकेतल्या गृहिणीही चुलीवर तव्यातच दाणे भाजत.

जाड बुडाची लोखंडी कढई, लाकडी उलथणे, आणि हात क्षणभरही थांबवायचा नाही. हिरवट दाणा आधी पिवळा पडतो, तेव्हा वाळल्या गवताचा वास येतो. मग पाव भाजल्यासारखा. दोनशे अंशांच्या सुमारास दाणे लाह्यांसारखे तडतडतात. ही पहिली तडतड संपता संपता मी ते उतरवतो. दुसऱ्या तडतडीपर्यंत थांबले, तर भाजणीचा कडवटपणा उरतो आणि गाव नाहीसे होते. सुपात पाखडले की साल उडून जाते. शंभर ग्रॅमचे पंचाऐंशीच्या आसपास भरतात, आणि एक दिवस दाण्यांना विश्रांती द्यावी लागते.

चव घेण्याची रीत व्यापाऱ्यांचीच आहे. सव्वाआठ ग्रॅम भरड पूड, वर दीडशे मिलिलिटर उकळते पाणी. चार मिनिटांनी वरची साय चमच्याने मोडायची, थोडे निवू द्यायचे, आणि मग मोठा आवाज करीत भुरका मारायचा! आमच्या वडीलधाऱ्यांनी जन्मभर ज्यासाठी कान उपटले, तेच येथे शास्त्र ठरले आहे. ऊइलाच्या कॉफीत मला प्रथम गुळाची गोडी लागते, मागून मोसंब्याच्या सालीचा आंबूस झणका येतो. दूध नको, साखर नको. जायफळाची डबी त्या दिवशी फळीवरच राहते.

२००२ साली बोगोताच्या विमानतळावर वाल्देसच्या नावाचे पहिले कॉफीगृह उघडले, आणि जहाजावर चढणारा दाणा कोलंबियाच्या माणसाला आपल्याच देशात मिळू लागला. दाण्याला गावाचे नाव लागले की भाव थोडा चढतो, हे खरे. तो चढलेला पैसा त्या उतारावरच्या घरापर्यंत कितपत पोहोचतो, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिशवीमागे उभा असतो. दिवाळीच्या फराळासोबत यंदा कोणी कॉफी पुढे केली, तर वाचकांनी एवढेच विचारावे : ही कोणत्या गावची? पिकवणाऱ्याने ती कधी चाखली आहे का?