ताटावरचे शब्द

मुलीच्या अंगावरून घराची पत वाचण्याची चाल कोंकणांत जुनी आहे. मालवण, देवगड, वेंगुर्लें हा मुलूख १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यांतच होता, आणि तेथील कित्येक चुली मुंबईच्या गिरण्यांतून येणाऱ्या मनीऑर्डरीवर पेटत. गणपतीस घरीं आलेला चाकरमानी पुतणीला पाहून "सुकलंस गो!" म्हणे. त्यांत माया होती. घरांत अन्न पुरतें कीं नाहीं, ही चौकशीहि होती. भरलेलें अंग हें सुबत्तेचें लक्षण मानीत.

तीच मुलगी सासरीं गेली म्हणजे तिच्या भुकेचा हिशेब सुरू होई. पुरुषांच्या पंक्ती उठल्यावर उरल्यासुरल्या पेजेवर तिनें भागवावें. दुसऱ्यांदा भात घेतला तर ती खादाड. मुलग्याची भूक मात्र पराक्रमांत जमा! बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं १८८२ सालीं 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून स्त्रियांवर लादलेल्या दोषांचें माप पुरुषांसहि लावून दाखविलें. ताटापाशीं तें माप अद्याप पोंचलेलें नाहीं.

१९२९ च्या सारडा कायद्यानें मुलीच्या लग्नाचें किमान वय चौदा केलें. १९७८ सालीं तें अठरा झालें. शिक्षणहि वाढलें, आणि मुलीचें तारुण्य माहेरीं जाऊं लागलें. हा लाभ मोठाच. परंतु भावी सासूची नजर आतां माहेरच्याच स्वयंपाकघरांत येऊन बसली: "अशी जाड राहिलीस तर पसंत कोण करील?" १९९४ सालीं सुश्मिता सेन व ऐश्वर्या राय यांनीं जागतिक सौंदर्यस्पर्धा जिंकल्या, त्याच सुमारास दूरचित्रवाणीच्या नव्या वाहिन्या घरोघर आल्या, आणि सडपातळपणाचें माप खेड्यांतहि पोंचलें.

आज एकाच ताटावर आजी म्हणते, "आणखी एक घावन घे गो", मामी म्हणते, "किती जाड झालीस!" मुलगी दोन्ही ऐकते आणि आपलें शरीर हा चारचौघांच्या चर्चेचा विषय आहे, एवढें शिकते. मग कोणी चोरून खाते, कोणी उपवासाच्या आड भूक लपविते. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत महाराष्ट्रांतील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. त्याचीं कारणें अनेक आहेत. पण अशा प्रांतांत मुलीचे घास मोजणें शहाणपणाचें नव्हे.

वडीलधाऱ्यांचा हेतु वाईट नसतो, हें आम्ही जाणतों. म्हणूनच आमचें सुचविणें इतकेंच कीं, पानांत काय वाढूं हें मुलीला अवश्य विचारावें. तिच्या अंगाविषयीं जेवतांना बोलूं नये. माया सोलकढीची वाटी पुढें सरकवूनहि दाखवितां येते.