मार्टिन आणि कंपनी, सी. एफ.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील गिटारनिर्मिती करणारी पेढी. संस्थापक क्रिस्टियन फ्रेडरिक मार्टिन (१७९६–१८७३) हा सॅक्सनीतील मार्कनॉयकिर्खेनचा रहिवासी. व्हिएन्नात योहान गेओर्ग श्टाउफर याच्याकडे शिक्षण घेऊन तो स्वग्रामी परतला, परंतु गिटारनिर्मितीच्या हक्कावरून व्हायोलिनकारांचा संघ व सुतार यांच्यात तेथे तंटा चालू असल्याने, १८३३ मध्ये न्यूयॉर्कला स्थलांतर करून त्याने पेढी स्थापिली व काही वर्षांनी ती पेनसिल्व्हेनियातील नाझरेथ येथे नेली. ध्वनिफलकाच्या आतील बाजूस फुलीच्या आकारात बसविलेल्या आधारपट्ट्यांची रचना पेढीने १८४० च्या दशकात अंगीकारली (पहा : गिटार). १९१६ मध्ये डिटसन कंपनीकरिता सिद्ध केलेला ‘ड्रेडनॉट’ हा विशाल आकार १९३१ पासून पेढीच्या स्वतःच्या नावाने विक्रीस आला. पोलादी तारांचा ताण सोसणारी उपर्युक्त रचना व हा आकार पुढे अन्य निर्मात्यांनीही स्वीकारला (पहा : तंतुवाद्ये). पेढीची मालकी पिढ्यानुपिढ्या मार्टिन घराण्याकडे राहिली.